‘घरात राहा’ म्हणताना: चाळीच्या वहीतली २०२० ची पानं

लालबाग दुसरा माळा | शनिवार, रात्री १०:२०

आमची चाळ पुनर्विकासाला जातेय. ट्रान्झिटला, म्हणजे नवी इमारत होईपर्यंत तात्पुरत्या घरात, जायचं म्हणून आज मंडळाची खोली रिकामी करायला घेतली. लेझमा, पूजेची समई, जुन्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे, आणि त्या सगळ्याखाली दोनशे पानी वही. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलंय ‘कोरोना – दुसरा माळा’. अक्षर माझंच.

पहिली नोंद २४ मार्च २०२० ची. लोकल आधीच थांबली होती, राज्यात संचारबंदी लागली होती, आणि त्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांचा लॉकडाऊन सांगितला. भाषण संपेपर्यंत आमच्या वाण्याच्या दारात पन्नास माणसं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी. म्हणजे घरात राहण्याचा आदेश आला आणि पहिल्यांदा काय झालं, तर सगळे बाहेर पडले. त्यांना दोष देणार नाही, त्यांत मीही होतो. उद्या तांदूळ मिळेल की नाही हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या माळ्यावर सोळा खोल्या, दहा बाय बाराच्या. टोकाला चार संडास. माझ्या खोलीत आम्ही सहा जण. चाळीतली खोली पुरते ती माणसं बाहेर असतात म्हणून. कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला, पोरं शाळेत, वडील खाली कट्ट्यावर. सहाच्या सहा जण एकाच वेळी आत, असं गणपतीतसुद्धा होत नाही. ‘घरात राहा’ हे सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि आतला संडास असणार. आमच्याकडे ते घर नव्हतंच. मग आम्ही ठरवलं, आमचं घर म्हणजे पूर्ण माळा. जिन्याच्या तोंडापासून संडासापर्यंत. नियम त्या मापाने बनवायचे.

वहीत एप्रिलच्या पानांवर जे लिहिलंय त्यातलं थोडं देतो. चार खोल्यांना एक संडास, दारावर खडूने नंबर. बादली ज्याची त्याची. आतून बाहेर आल्यावर दार सताड उघडं ठेवायचं आणि पुढच्याने दहा मिनिटं थांबायचं. बाजाराला पूर्ण माळ्यातून दोनच जण, दर आठवड्याला बदलून, पन्नाशीच्या आतले. बाकीच्यांनी चिठ्ठी आणि पैसे प्लास्टिकच्या पिशवीत घालून कठड्याला अडकवायचे. वहीतली एक ओळ अशी आहे: ‘३४ – दूध २, प्रेशरच्या गोळ्या (पाकीट सोबत), मेथी मिळाली तर.’ पुढे दुसऱ्या शाईत: ‘मेथी नाही, शेपू आणला.’

हे लिहायचं कारण असं की नव्या इमारतीत आम्ही सगळे वेगवेगळ्या मजल्यांवर, बंद दारांच्या मागे जाणार. उद्या पुन्हा अशी साथ आली तर काय करायचं, ते आत्ता, डोकं थंड असताना सोसायटीच्या कागदावर आणायचंय. तुमच्याकडे काय नियम होते? कुठला उपयोगी पडला, कुठल्याने माणसं दुखावली? खरं सांगा.

बोरिवलीची सिस्टर | शनिवार, रात्री ११:०५

दादा, दार उघडं ठेवून दहा मिनिटं थांबायचा नियम तुम्ही एप्रिलमध्ये केलात? तेव्हा सगळा शहाणपणा कोपऱ्या-कोपऱ्यावर फवारणी करण्यात आणि भाज्या साबणाने धुण्यात जात होता. हवेतून, कोंदट जागेत हा रोग जास्त पसरतो हे सगळ्यांच्या अंगवळणी पडायला पुढे बराच काळ गेला. तुमच्या माळ्यावर हे कोणाला सुचलं?

मी पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहे. लोकल बंद, त्यामुळे बेस्टच्या बसने दोन-सव्वादोन तास जायचे, येताना तेवढेच. अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू झाली ती १५ जूनला. तोवरचे तीन महिने आठवले की अजून पाय दुखतात. पण दुखणं ते नाही. एका रात्री ड्यूटीवरून आले तर गेटवर कागद: रुग्णालयात काम करणाऱ्यांनी शक्यतो कामाच्या ठिकाणीच राहण्याची सोय करावी, लिफ्ट वापरू नये. खाली कमिटीच्या सह्या. मी सहाव्या मजल्यावर राहते. मुलगी तेव्हा चार वर्षांची.

महिनाभरापूर्वी याच लोकांनी गॅलरीत उभं राहून आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या होत्या. मी जिना चढत राहिले. तिसऱ्या मजल्यावर दम लागला की त्या मजल्यावरची एक काकू आतून दाराची कडी लावायची, तो आवाज ऐकू यायचा. भांडले नाही, कारण ताकद नव्हती. तुमच्या कागदावर हे पहिलं लिहा: बाहेर जाऊन काम करणाऱ्याचा घरी परत यायचा हक्क कोणत्याही नियमाने जाणार नाही.

लालबाग दुसरा माळा | शनिवार, रात्री ११:३०

ताई, हे लिहितोच. आत्ताच वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.

दार उघडं ठेवायचं ३१ नंबरच्या मावशींनी सांगितलं. पूर्वी त्यांच्या घरात क्षयाचा पेशंट होता. ‘डॉक्टर म्हणायचे खिडकी उघडा, वारा खेळू द्या, मग इथेपण तेच’ एवढंच त्या म्हणाल्या.

नाक्यावरचा हवालदार (निवृत्त) | रविवार, सकाळी ७:१५

पोलिसांची बाजू कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. पंचावन्नच्या वरच्यांना घरी थांबायला सांगितलं होतं. मी त्रेपन्न, म्हणून नाक्यावर. नाकाबंदीत सकाळी आठ ते रात्री आठ, मे महिन्याचं ऊन, तोंडावर मास्क. मास्क मुंबईत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून सक्तीचा झाला होता.

लोकांना वाटतं आम्हाला काठी चालवायची हौस होती. काहींनी चालवली, त्याचं समर्थन करणार नाही. पण मला जास्त त्रास झाला तो नियम पाळून घेताना मलाच तो पटवून सांगता येत नव्हता याचा. २०२० च्या जून अखेरीस सांगितलं, घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, कार्यालय आणि वैद्यकीय कारण सोडून. तो आठवडाभरात गेला. एप्रिल २०२१ मध्ये गाड्यांना रंगीत स्टिकर: डॉक्टर-औषधांना लाल, भाजीपाला-किराण्याला हिरवा, बाकी अत्यावश्यकांना पिवळा. तेही आठवडाभरात मागे. या सगळ्यात गाडीच्या काचेपलीकडे बसलेला माणूस विचारतो, ‘साहेब, आईला डायलिसिसला नेतोय, कुठला रंग लावू?’ मी म्हणायचो, जा बाबा, लवकर जा.

तेव्हा कलम १४४ म्हणजे जमावबंदी-संचारबंदी होती, १८८ म्हणजे आदेश मोडल्याचा गुन्हा. दोन्ही हातात होती. पण घरात राहायला लावायचं काम कलमाने फार थोडं झालं. नाक्यावर एक मुलगा रोज तिसऱ्यांदा दिसायचा. एकदा बाजूला घेऊन विचारलं. वडील पिऊन मारायचे, आणि आता दिवसभर घरी. त्याला कुठल्या घरात पाठवणार होतो मी? पुलाखाली आमच्या तंबूशेजारी बसवून ठेवायचो. वरिष्ठांनी पाहिलं, काही बोलले नाहीत.

तुमच्या कागदात असल्या माणसासाठी एक खोली ठेवता आली तर बघा. सोसायटीचं ऑफिस, जिम, काहीही. ज्याला घर सुरक्षित नाही त्याला रात्र काढायला जागा.

नव्वद फुटी रस्ता | रविवार, सकाळी ९:४०

धारावीतून लिहितोय. लालबागच्या दादांनी जे म्हटलं, की पूर्ण माळा म्हणजे घर, ते आमच्याकडे गल्लीला लागू. आमचा पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ लाखांच्या वर माणसं, बहुतेकांना सार्वजनिक संडास. टीव्हीवर लोक बोलत होते की आता इथे प्रेतांचा खच पडणार. तो आवाज आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी पण ऐकला.

झालं काय, तर पालिकेने लवकर ओळखलं की इथे ‘घरात अलग राहा’ म्हणण्यात अर्थ नाही. ज्याच्यावर संशय त्याला घराबाहेर काढून शाळेत, क्रीडासंकुलात ठेवलं. तिथे जेवण, तिथे संडास, तिथे डॉक्टर. रोग शोधायला ते दारात आले, कारण लोक दवाखान्यात यायला घाबरत होते. इथले खाजगी डॉक्टर, ज्यांच्याकडे आमची तीन पिढ्यांची ओळख, ते पीपीई किट घालून गल्लीत फिरले. पालिकेच्या माणसाला ताप लपवणारी बाई आपल्या डॉक्टरला सांगायची. संडास दिवसातून कितीतरी वेळा धुतले जायचे. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणल्याचं उदाहरण म्हणून धारावीचं नाव घेतलं तेव्हा आमच्या गल्लीत कोणी फटाके नाही वाजवले, पण माझ्या आईने ती बातमी चार वेळा लावायला सांगितली.

याच्यात दुखलेलं पण होतं. माझ्या मामांना नेलं तेव्हा शेजारचे दारं लावून फटीतून बघत होते. आणि जेवणाची पाकिटं दुपारी दोनला यायची, तर मधुमेहाची माणसं सकाळपासून उपाशी. आमच्या गल्लीतल्या बायकांनी मग सकाळी सातला तांदळाची पेज करायला सुरुवात केली. मोठ्या पातेल्यात, रोज. कोणी सांगितलं नव्हतं.

परळ वर्कशॉप | रविवार, सकाळी ११:००

जुनी गोष्ट, पण या धाग्यात बसते. २०२० मध्ये जो साथरोग कायदा लावला तो १८९७ चा, आणि तो आपल्याच शहरामुळे झाला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला. सरकारने घरं तपासायला पथकं पाठवली, बाया-माणसांना ओढून रुग्णालयात नेलं, सामान जाळलं. लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली, लाखोंनी शहर सोडलं. मार्च १८९८ मध्ये तपासणीवरूनच मुंबईत दंगल झाली. त्याच काळात डॉ. हाफकिन भायखळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात लस बनवत होते, १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली.

दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच काळात. माझे पणजोबा तेव्हा गिरणीत होते, ते पायी रत्नागिरीकडे निघाले, असं आजी सांगायची. १४ एप्रिल २०२० ला वांद्रे स्थानकाबाहेर गावी जायला जमलेली गर्दी टीव्हीवर पाहिली तेव्हा मला तेच आठवलं. लोक म्हणत होते, यांना कळत कसं नाही. अहो, खोलीत आठ जण, हाताला काम नाही, भाडं चढतंय. त्या माणसाचं घर गावाला होतं. तो घरीच जायला निघाला होता.

मुलुंड सेक्रेटरी | रविवार, दुपारी १:३०

सिस्टर ताईंची पोस्ट दोनदा वाचली. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आमच्या गेटवर पण असे कागद लागले, सह्यांत माझी सही होती. म्हणून लिहितोय.

काय परिस्थिती होती ते सांगतो, सबब म्हणून नाही. शंभर घरं, साठीच्या वरचे जवळजवळ सत्तर. रात्री अकरापर्यंत फोन. कोणी म्हणे पेपर बंद करा, कोणी म्हणे चालू करा. पेपर घरोघरी टाकायला एप्रिलमध्ये सरकारनेच मनाई केली आणि नंतर उठवली, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या मला. वॉर्ड ऑफिसच्या सूचना आठवड्याला बदलायच्या. पहिल्यांदा एक रुग्ण सापडला तरी इमारत सील, मग फक्त मजला. अशा वेळी सगळ्यात सोपं काय, तर गेट बंद करणं. गेट बंद केलं की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. आम्ही घरकामाच्या बायकांना बंदी केली. सरकारने सूट दिल्यावरही दोन महिने चालू ठेवली. त्या काळात आमच्याकडचे बहुतेक रुग्ण कुठून आले? नातेवाइकांच्या बारशा-साखरपुड्यातून. ते पाहुणे गेटवर आम्ही अडवले नव्हते.

चांगलं एकच झालं. ऑक्सिमीटर चार विकत घेतले आणि वॉचमनच्या टेबलावर ठेवले. ज्याला ताप त्याच्याकडे एक जायचा. सकाळ-संध्याकाळ आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर. एका काकांचा ९१ आला, ते म्हणत होते मला काही त्रास नाही. आमच्याकडच्या डॉक्टरीणबाईंनी ऐकलं नाही, वॉर्डच्या वॉर रूमला फोन करून रात्रीच खाट मिळवली. काका आज रोज सकाळी माझ्यासोबत फिरायला असतात.

आईचा मोठा | रविवार, दुपारी २:१०

मुलुंडचे काका, तुम्ही सही मान्य केलीत म्हणून उत्तर देतो, नाहीतर दिलं नसतं.

माझी आई पाच घरी काम करायची. मुलुंडलाच, तुमची सोसायटी नसेल, तशीच दुसरी. २३ मार्चपासून बंद. पाचपैकी दोन घरांनी पगार दिला, एकीने एप्रिलपर्यंत, एकीने पूर्ण. बाकीच्यांनी फोन उचलला नाही. जुलैमध्ये बोलावलं तर गेटवर रोज ताप मोजायचा, रजिस्टरमध्ये सही, आणि लिफ्ट नाही. ताप मोजायला हरकत नव्हती. पण ज्यांच्या घरी ती भांडी घासते त्यांचा ताप कोण मोजत होतं? तिला कोरोना झाला तो त्यांच्याकडूनच, पोराला झाला होता आणि सांगितलं नाही. आमच्या खोलीत मग चौघांना.

आईच्या मनात राग नाही, ती परत त्यांच्याकडे जाते. राग माझ्या मनात आहे. लालबागचे दादा, तुमच्या कागदात एवढं घाला: घरात कोणी आजारी असेल तर कामाला येणाऱ्या बाईला दारातूनच सांगायचं, आणि सुट्टीचा पगार द्यायचा. गेटवरचं मशीन दोन्ही बाजूंनी चालतं.

मुलुंड सेक्रेटरी | रविवार, दुपारी २:४०

बरोबर आहे बाळा. आमच्या सोसायटीत किती जणांनी पगार दिला हे मी तेव्हा विचारलंच नाही. विचारायला हवं होतं.

बोरिवलीची सिस्टर | रविवार, दुपारी ४:००

सेक्रेटरी काका, तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं.

एक आकडा सांगते, कारण तो मला फार काही शिकवून गेला. जुलै २०२० मध्ये मुंबईत तीन वॉर्डांत रक्ताचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं (अँटीबॉडीज, रोग होऊन गेल्याची खूण) सापडली, इमारतींत १६ टक्के. आदेश दोघांना एकच होता, तारखा एकच, पोलीस तेच. फरक कशाचा, तर आतल्या संडासाचा, खोल्यांच्या संख्येचा, आणि घरबसल्या पगार मिळतो का याचा. त्यामुळे अमुक वस्तीतले लोक नियम पाळत नाहीत असं कोणी म्हटलं की मला हा आकडा आठवतो.

कामाचं थोडं. दादा, प्रत्येक मजल्यावर एक ऑक्सिमीटर आणि त्याचे जादा सेल. ९५ च्या खाली सतत दिसलं तर थांबायचं नाही, डॉक्टर. बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी नको, हात गार असेल तर आधी चोळून गरम करायचा. एकटे राहणाऱ्यांची यादी, त्यांच्या औषधांच्या नावांसकट. आणि घराची एक किल्ली शेजारी. एकट्या राहणाऱ्या दोन पेशंटांची दारं फोडून काढावी लागली, त्यातली एक बाई वेळेत मिळाली नाही.

गिरगाव खाडिलकर रोड | रविवार, संध्याकाळी ६:२०

सगळं वाचतेय. लालबागचे दादा, एक विचारू? तुमच्या माळ्यावर पेशंट निघालाच असेल ना. तेव्हा कसे वागलात? आमच्याकडे फार वाईट झालं होतं, म्हणून विचारते.

लालबाग दुसरा माळा | रविवार, रात्री ९:५०

विचारलंत ते बरं झालं. पहिल्या पोस्टमध्ये हे लिहायचं मी टाळलं होतं.

२९ नंबरचे काका बेस्टमध्ये चालक. सिस्टर ताई ज्या बसने जायच्या तसल्याच बसवर ड्यूटी. १८ मे ला त्यांचा रिपोर्ट आला. रात्री अँब्युलन्स आली, वरळीच्या डोमला, तिथल्या कोविड केंद्रात, नेलं. जिन्याच्या तोंडाला बांबू लागले. घरात वहिनी, दोन मुली आणि काकांची आई.

टोकाचा चौथा संडास फक्त २९ ला दिला, बाकी पंधरा खोल्यांनी तीन वाटून घेतले. हे आम्ही त्याच रात्री ठरवलं, आणि ते योग्य होतं. पण दूध? त्या आठवड्यात बाजाराची पाळी माझी. २९ ची पिशवी कठड्याला अडकवलेली होती, पैसे आत होते. त्या पैशांना हात लावायची माझी हिंमत झाली नाही. मनात म्हटलं, त्यांना पालिका देईल. १९ मे आणि २० मे, वहीत २९ समोर कोरं आहे. बाकी सगळ्या खोल्यांपुढे दूध, पाव, कांदे. माळ्यावर सगळ्यांना दिसत होतं, कोणी बोललं नाही. पालिकेचा माणूस आला तो बांबू नीट आहेत का बघून गेला.

२१ ला सकाळी ३४ च्या आजी उठल्या. वय ७८, त्यांना खोलीच्या बाहेर यायलाच आम्ही मनाई केलेली. त्यांनी स्वतःच्या दुधातलं अर्धं पातेल्यात ओतलं, गॅलरीतून चालत गेल्या, २९ च्या उंबऱ्यावर ठेवलं, कडी वाजवली आणि चार पावलं मागे सरकून वहिनी दार उघडेपर्यंत उभ्या राहिल्या. मी नळावर होतो. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही त्यांनी. त्या दिवसापासून पुढे २९ ची पिशवी सगळ्यात आधी भरायचो.

काका बरे होऊन आले, मागच्या वर्षी निवृत्त झाले. आजी २०२२ मध्ये गेल्या, वयाने.

नव्या सोसायटीच्या कागदाचं पहिलं कलम आज लिहिलं. ज्या घराला बाहेर पडू नका सांगायचं, त्या घराचं दूध-औषध कोण आणणार त्याचं नाव त्याच कागदावर, त्याच वेळी. नाव नसेल तर दार बंद करायचं नाही. सिस्टर ताईंचं, हवालदार साहेबांच्या खोलीचं, आईच्या मोठ्याचं, सगळं त्याच्या खाली येतंय.

आणि आज दुपारी वही घेऊन २९ कडे गेलो. ते पान उघडून वहिनींपुढे ठेवलं आणि काय झालं होतं ते सांगितलं. त्या भांडी पेपरात गुंडाळत होत्या. पान वाचलं, माझ्या खिशातलं पेन मागितलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं. १९ – काही नाही. २० – काही नाही. २१ – आजींकडून दूध अर्धा लिटर. मग वही मला परत दिली आणि म्हणाल्या, ‘चहा टाकते, बस.’